पाच आधी ऐकू येतात

"पंचवीस लिहा," मी म्हटलं आणि पाट्यांवर पेन्सिली कुरकुरू लागल्या.

ऑगस्ट संपत आला होता. आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात जून-जुलैला लागलेली झड तेव्हा कुठे सैल होते. त्या दिवशी बाहेर नुसती भुरभुर होती, पण व्हरांड्यात टेकवून ठेवलेल्या छत्र्यांखालून पाण्याचे ओघळ चालूच होते. मी मुलांमधून फिरत होते. खिडकीपाशी बसणाऱ्या दुसरीतल्या मुलीनं पाटी वर केली. आकडे ठसठशीत, शेजारी शेजारी नीट बसवलेले. ५२.

"वाच बघू, काय लिहिलंस."

तिनं पाचावर बोट ठेवलं. "पंच." मग दोनावर. "वीस." आणि माझ्याकडे बघत राहिली. माझ्या चेहऱ्यावर तिला काहीतरी दिसलं असणार, कारण लगेच म्हणाली, "तुमीच पाच आदी म्हटलंत की बाई."

खरंच होतं. मीच म्हटले होते.

दसऱ्याची सुट्टी लागण्याआधी पहिल्या सत्राचा हिशेब कागदावर मांडावा लागतो. एफए एक, एफए दोन, म्हणजे अधूनमधूनच्या आकारिक चाचण्या, मग एसए एक, म्हणजे सत्राच्या अखेरची. वाचन, लेखन, संख्याज्ञान. रकाने भरले की सही. हे काम मी मनापासून करते, कुठलं मूल कुठे अडलंय ते त्यातून कळतंच. पण दर वर्षी रकाने भरताना वाटतं, या चार महिन्यांत मुलं जे सगळ्यात जास्त करतात त्याला रकानाच नाही. ती ऐकतात. इतकं नेमकं ऐकतात की आपण काय बोललो ते आपल्याला त्यांच्या पाटीवर वाचायला मिळतं. चुकलेल्या उत्तरात तर जास्तच.

हे मला उशिरा कळलं आणि त्याची किंमत एका मुलाला मोजावी लागली. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या एका गावात, एक मुलगा सत्तावीस म्हटलं की ७२ लिहायचा. मी तीनदा समजावलं, चौथ्यांदा फुटपट्टी बोटांवर मारली. फार जोरात नसेल, पण मारली. त्यानं थुंकी लावून पाटी पुसली आणि पुढे पंधरा दिवस तो पाटी छातीशी धरून लिहायचा, मला दिसू नये म्हणून. सत्तावीस नंतर बरोबर लिहायला लागला. कसा लागला ते त्यानं सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. आता तो पंचविशीत असेल. ती छातीशी धरलेली पाटी मला अजून दिसते.

आमच्याकडे शाळा मेच्या अखेरीस उघडतात. तिकडे चंदगडात, डोंगराच्या पलीकडे, आमच्या मुलांची मामेभावंडं अजून आंबे खात असतात, कारण महाराष्ट्रातल्या शाळा जूनच्या मध्यावर सुरू होतात. "त्यांना अजून सुट्टी कशी?" हा वर्षातला पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न दिवाळीत येतो, कारण तेव्हा त्यांना लांब सुट्टी आणि आम्हाला चार दिवस. आमची मोठी सुट्टी दसऱ्याची. सरहद्द म्हणजे काय हे मुलांना नकाशावर कळण्याच्या कितीतरी आधी सुट्ट्यांवरून कळतं.

पहिली, दुसरी आणि तिसरी माझ्याकडे एकाच खोलीत बसतात. कर्नाटकातल्या सरकारी शाळांमध्ये ही 'नलिकलि'ची पद्धत आहे. नलि म्हणजे आनंदानं बागडणं, कलि म्हणजे शिकणं. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या एच. डी. कोटे तालुक्यात काही शिक्षकांनी ती सुरू केली. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या खेड्यातल्या शाळा पाहून त्यांना हे सुचलं होतं. तिथून ती राज्यभर पसरली आणि आमच्या मराठी शाळांतही आली. भिंतीवर शिकण्याची शिडी रंगवलेली असते, तिच्यावर मैलाचे दगड. मूल आपल्या पायरीवरचं कार्ड उचलतं, त्यावरचं चित्र बघून कुठल्या गटात बसायचं ते ठरवतं. कुणी माझ्यासमोर, कुणी थोडं माझ्याकडे थोडं आपलं आपण, कुणी मोठ्या मुलाजवळ, कुणी अगदी एकटं. जमिनीवरच्या या गोलांना कन्नडात तट्टे म्हणतात. तट्टे म्हणजे ताट.

या जूनमध्ये पहिलीत आलेल्या एका मुलाला दुसऱ्याच दिवशी मी म्हटलं, "तू पहिल्या तट्ट्यात बस." तो उठला, कोपऱ्यात ठेवलेली आपली स्टीलची ताटली घेऊन आला आणि मांडी घालून जेवायला बसल्यासारखा बसला. वर्ग हसला, तो मात्र हसला नाही. त्याची आई बैलहोंगलकडची, घरी तट्टे म्हणजे जेवणाचंच. त्यानं माझं म्हणणं ऐकलं, तेही बरोबर. मी ताटली बाजूला ठेवू दिली नाही. "राहू दे, यातच चिंचोके मोजू," म्हटलं. त्या गोलात आजही मोजायचे चिंचोके ताटलीतच असतात.

मराठी ताट आणि कन्नड तट्टे किती जवळचे आहेत हे मलाही त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं. मुलांची चित्रं टांगायला डोक्यावर दोऱ्या बांधलेल्या असतात, त्यांना कन्नडात चप्पर म्हणतात. आपलंच छप्पर. पहिलीची मुलं हे शब्द वेगळे मानतच नाहीत. मोठी झाली की मानायला लागतात.

जून-जुलैत दुसरं काही शिकवणं अवघडच असतं, कारण पाऊस शिकवत असतो. कणकुंबीच्या बाजूला, जिथे मलप्रभा उगम पावते, तिथला पाऊस ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. पत्र्यावर तो कोसळायला लागला की माझा आवाज पहिल्या ओळीच्या पुढे जात नाही. मग आम्ही खुणांनी बोलतो. जिल्हाधिकाऱ्यांनी सुट्टी दिली तर ठीक, नाही तर अर्धा वर्ग रिकामा, कारण घरी रोप लावणी सुरू असते आणि बारकं भावंड सांभाळायला कुणीतरी लागतं. गैरहजेरी मांडताना माझा हात जड होतो. ती मुलं शेताच्या बांधावर बसून रोपाच्या जुड्या मोजत असतात, हे मला ठाऊक असतं.

वर्गात हवामानाचा तक्ता आहे. रोज सकाळी एकानं बाहेर बघून बाण फिरवायचा: ऊन, ढग, पाऊस, वारा. जुलैभर बाण पावसावर गंजल्यासारखा. एके दिवशी पाळी होती तिसरीतल्या मुलाची. तो दारात गेला, पागोळीच्या बाहेर हात काढला, तळहाताकडे बराच वेळ बघितलं आणि येऊन बाण ढगावर ठेवला. बाकीचे ओरडले, पाऊस पडतोय की! तो म्हणाला, "भुरभुर हाय ती. हात भिजला न्हाई, नुसता गार झाला." मग सगळा वर्ग दारात. एकेकानं हात बाहेर काढला. गार की ओला, यावर पंधरा मिनिटं वाद. मी मध्ये पडले नाही. शेवटी बाण ढग आणि पाऊस यांच्या मधल्या रेघेवर ठेवायचं ठरलं. त्या रेघेला तक्त्यात नाव नाही, पण पुढचे दोन महिने आम्ही ती वापरली.

ज्येष्ठ अमावस्येला आमच्या भागातली कन्नड घरं मातीचे बैल करून पूजतात. मण्णेत्तिन अमावस्या. मण्णु म्हणजे माती, एत्तु म्हणजे बैल. आमच्या वर्गात ते सगळ्यांचंच असतं. शाळेमागच्या ओढ्याकाठची काळी माती आणायची, खडे वेचायचे, मळायची. पहिलीच्या मुलांचे बैल पहिल्या खेपेला हमखास कोसळतात, कारण मुलं बैलाचे पाय बैलासारखे करतात, बारीक. ओल्या मातीला ते वजन पेलत नाही. दुसऱ्या खेपेला पाय जाड होतात, पोट लहान होतं. तिसऱ्या खेपेला बैल उभा राहतो आणि त्याच्याकडे बघताना त्या मुलाचा श्वास थांबलेला असतो, तो बघण्यासाठी मी दर वर्षी तिथे बसते. या वेळी एकीच्या बैलाचे पुढचे दोन पाय वाकले ते वाकलेच. तिनं थोडा वेळ विचार केला, मागचे पायही मुडपले आणि शेपूट पोटाशी वळवून ठेवली. "बसलाय त्यो," म्हणाली. "दिवसभर चिखलात होता न्हवं." लावणीचे दिवस होते. तिच्या घरचा बैल खरंच तसा बसत असणार.

ही तीच मुलगी, ५२ वाली.

तिच्या पाटीकडे परत येते. मराठीतले आकडे उलटे बोलतात. पंचवीस म्हणजे पाच आणि वीस, बेचाळीस म्हणजे दोन आणि चाळीस. लिहिताना मात्र दशक आधी. संस्कृतातल्या पञ्चविंशतीपासून ही चाल आहे आणि आपण एकटेच असे नाही, जर्मन माणूसही पाच-आणि-वीस असंच म्हणतो. त्यात आपल्याकडे एकोणतीसचं आणखी एक वळण: तिसाला एक कमी. कान नवा असेल तर एकोणतीस ऐकून ३१ लिहिलं जाणारच, एक ऐकू आला आणि तीसही ऐकू आले. एकोणऐंशीपर्यंत, एकोणनव्वदपर्यंत सगळे असे एकानं कमी होत जातात आणि नव्याण्णव मात्र सरळ नऊ आणि नव्वद. आपण मोठी माणसं हे सगळं न अडखळता बोलतो, म्हणून ते सोपं वाटतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला आपण एकाच वेळी सांगत असतो की नीट ऐक, आणि ऐकलंस तसं लिहू नकोस.

२०१९ मध्ये महाराष्ट्रात बालभारतीनं दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसच्या जोडीला 'वीस एक' असं वाचन दिलं, तेव्हा मोठा गदारोळ झाला होता. गणिताच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर होत्या. भाषेचा खून, मराठी बिघडवली, असं बरंच बोललं गेलं. आमची पुस्तकं कर्नाटकची, आमच्यापर्यंत तो बदल आला नाही, पण वर्तमानपत्रं इकडेही येतात आणि आमच्या शिक्षकांच्या बैठकीत दुपारभर तोच विषय होता. मी तेव्हा विरोधात बोलले होते. पंचवीस हा शब्द मला प्रिय आहे. 'पाच पंचे पंचवीस' यातला ठेका 'वीस पाच'ला येणार नाही, हे मी आजही म्हणेन. पण त्या पुस्तकामागे कुणीतरी मुलाच्या शेजारी बसून त्याची पाटी पाहिली होती, हे मला त्या वेळी दिसलं नाही. शब्द ठेवावा आणि तो उलटा बोलतो हेही मुलाला उघड सांगावं, एवढं आता मला पटलंय. मुलाला शब्द अवघड जात नाही. जगात कुणी सांगतच नाही की इथे क्रम फिरतो, ते त्याला अवघड जातं.

त्या मुलीची आजी भाजी विकते. माठ, लाल भाजी, तोंडली, पावसाळ्यात रानातले कोंब. बाजाराच्या दिवशी नातीला घेऊन ती खानापूरला बसनं जाते. ११ जून २०२३ पासून कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली, तेव्हापासून तिला जाणं-येणं परवडतं. कंडक्टर मशिनमधून शून्य रुपयाचं तिकीट काढून देतो. फुकट असलं तरी तिकीट घ्यावंच लागतं. ही पोर ती तिकिटं जमवते. जुलैत एकदा वहीत घालून घेऊन आली होती, चांगली वीसेक असतील, काही पावसानं पुसट झालेली.

शून्य शिकवणं ही माझी दर वर्षीची अडचण. दोन गठ्ठे काड्यांचे आहेत, सुट्टी काडी एकही नाही, तर वीस लिहिताना नुसता दोन लिहिला तर काय बिघडलं? "काडी न्हाईच तर लिवायचं कशाला?" असं मूल विचारतं आणि त्याचं बरोबर असतं. मी जागेचं महत्त्व वगैरे सांगत होते. ही मागून म्हणाली, "शून्याचं पण तिकीट घ्यावं लागतंय. न्हाईतर चेकर उतरवतोय." वर्गाला एकदम समजलं. एककाच्या जागी बसायचं तर शून्यालाही तिकीट हवं. त्या दिवसापासून कुणी २० मधला शून्य विसरला की बाकीचे ओरडतात, "तिकीट!" मी इतकी वर्षं शून्य शिकवतेय, इतकं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.

तर अशा मुलीनं ५२ लिहिलं होतं. मी या वेळी पाटी पुसायला सांगितली नाही. ज्वारीच्या धाटाच्या काड्या आणल्या. दहा-दहांचे गठ्ठे रबरानं बांधलेले, सुट्ट्या वेगळ्या. "पंचवीस काड्या दे बघू." तिनं न चुकता दोन गठ्ठे आणि पाच काड्या पुढे ठेवल्या. म्हणजे पंचवीस म्हणजे किती, यात तिचा गोंधळ नव्हता. हाताला माहीत होतं, कानालाही माहीत होतं. नुसतं लिहिताना कोण आधी, एवढंच.

"आजी बाजारात कशी मोजते?"

"दोन्हीतनं. कन्नड माणूस आला की कन्नडातनं."

"पंचवीसला काय म्हणते?"

"इप्पत्तैदु." क्षणभर थांबली. मग ओठांतल्या ओठांत पुन्हा, तुकडे पाडत, "इप्पत्त... ऐदु." बोट गठ्ठ्यांवर गेलं, मग काड्यांवर. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. पाटी ओढली, बाहीनं पुसली आणि लिहिलं, २५.

पुढचे काही दिवस मी गुपचूप बघत होते. मी मराठीतून संख्या सांगायची, ती मान खाली घालायची, ओठ हलायचे आणि मग लिहायची. आवाज येत नव्हता, पण मला वाचता येत होतं. बेचाळीस म्हटलं की ओठ म्हणायचे नलवत्तेरडु. चाळीस-दोन. मग ४२. मराठी शाळेतली मुलगी मराठी आकडा बरोबर लिहायला मनातल्या मनात कन्नडातून जाऊन येत होती. आठवड्याभरानं शेजारच्या मुलाचे ओठही हलायला लागले. कुणी कुणाला शिकवलं ते मला कळलं नाही.

मी याच मातीत वाढले. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव आजच्या कर्नाटकात गेलं, त्यानंतर या भागात भाषा ही कशी दुखरी गोष्ट झाली ते मी घरात ऐकत मोठी झाले. पाट्यांवरून, नावांवरून, दुकानांच्या फलकांवरून काय काय झालं ते सगळं डोळ्यांसमोर आहे. माझ्या शाळेत मराठी टिकावी, वर्ग भरलेला राहावा, ही काळजी मला रोज असते, कारण दर जूनला एखाद-दोन पालक मुलाचा दाखला इंग्रजी शाळेसाठी न्यायला येतात आणि मी त्यांना थांबवायचा प्रयत्न करते. म्हणून त्या पोरीचे हलणारे ओठ बघताना माझ्या पोटात नेमकं काय झालं ते सांगणं सोपं नाही. पहिल्यांदा थोडं दचकले. मग वाटलं, ही मराठीपासून लांब कुठे चाललीय? ती पंचवीसपर्यंत पोचायला तिच्या आजीच्या वाटेनं चाललीय. तिच्या आजीला कुणी शिकवलं नव्हतं, बाजारात पोट भरायचं होतं म्हणून दोन्ही वाटा पाठ झाल्या.

नंतर मी तेच वर्गापुढे उघड मांडलं. फळ्यावर २५ लिहिलं आणि विचारलं, कोण कसं म्हणतं? मराठीत पाच आधी. कन्नडात वीस आधी. एका मुलाचे वडील गोव्यात कामाला, त्यानं सांगितलं, कोकणीतही पंचवीसच. मुलांना ते कोड्यासारखं आवडलं. बोलायला सगळे वेगळे, लिहायला सगळे सारखे. ६७ आणि ७६ ची अदलाबदल त्यानंतरही झालीच, पण ती होताच मुलं आपली आपणच हसून म्हणू लागली, "उलटं झालं." कुणी पाटी लपवली नाही.

अक्षरांबाबतही त्यांनी मला असंच काही दाखवलं. ग, म, भ, न ही आमची पहिली अक्षरं, एकातून दुसरं निघणारी. वरच्या वर्गाच्या खोलीत कन्नडची अक्षरं टांगलेली आहेत: र, ग, स, द, अ. नलिकलित कन्नडची सुरुवात याच अक्षरांपासून होते. पहिलीच्या पोरांनी दारातून डोकावून बघितलं आणि एकजण म्हणाला, "आपली दोरीवर वाळत घातलीत. त्यांची गडगडत गेलीत." शिरोरेघ आणि गोलाई, यापेक्षा वेगळं कुठलंही पुस्तक काय सांगणार?

दुपारचं जेवण. अक्षर दासोह हे त्याचं कर्नाटकातलं नाव. भात, सांबार, कधी भाजी घातलेलं, शनिवारी सकाळची शाळा म्हणून उप्पीट. त्याआधी सकाळी दूध. २०१३ च्या ऑगस्टपासून क्षीरभाग्य सुरू झालं, तेव्हा पहिले काही दिवस मुलं पावडरीच्या दुधाला नाक मुरडायची, आता ओठांवर पांढऱ्या मिशा घेऊनच प्रार्थनेला येतात. रांगेचा आमच्याकडे एक जुना रिवाज आहे. पहिलीची मुलं आधी. मग दुसरी, मग तिसरी, मग मोठी. मोठ्या पातेल्याशी सहावी-सातवीची मुलं उभी राहून बारक्यांच्या ताटल्या सरळ धरतात, सांबार गरम असतं म्हणून. हा नियम कुठे लिहिलेला नाही. जूनमध्ये नवी मुलं मागून घुसतात, ढकलतात, रडतात. ऑगस्टपर्यंत प्रत्येकाला आपली जागा पाठ होते. दुसरीत गेलेल्या मुलांना मात्र जूनचे पहिले काही दिवस जड जातात. गेल्या वर्षीपर्यंत आपण पहिले होतो, आता आपल्यापुढे कुणीतरी आहे. खिडकीपाशी बसणारी ही पोर एकदा मला म्हणाली होती, "गेल्या साली मी आदी जेवायची." एवढंच. तक्रार नव्हती, पण विसरलीही नव्हती.

१५ ऑगस्टचं झेंडावंदन झालं. इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाचं नाव आमच्या तालुक्यात त्या दिवशी निघतंच, कारण नंदगड आमचंच. २६ जानेवारी १८३१ ला त्याला तिथे फाशी दिली. पहिलीच्या एकानं भाषणात सांगितलं, "रायण्णा नंदगडला असतोय, वडाखाली." मी दुरुस्त केलं नाही. त्याची आजी दर वर्षी तिथे जाते, त्याच्या लेखी तो असतोच. मग गणपती, मग प्रतिभा कारंजीची, म्हणजे शाळांच्या कलास्पर्धांची गडबड, कुणाला वेश, कुणाला गाणं. सप्टेंबर असाच हातातून गेला.

सुट्टीला दोन दिवस होते. मी टेबलाशी बसून एसए एकचे रकाने भरत होते. खाली, मोठ्या मुलाजवळ बसायच्या गोलात, खिडकीवाली आणि तो जूनमधला ताटलीवाला मुलगा समोरासमोर होते. त्याची पायरी अजून दहाच्या आत होती, पण तिनं दोन गठ्ठे आणि पाच काड्या मांडल्या होत्या आणि त्याला सांगत होती, "हे बघ, पंच... वीस. पर लिवताना फिरवायचं."

तो म्हणाला, "इप्पत्तैदु."

"हां, तसं म्हणून लिव. मग फिरवायला नको." मग तिनं मान वर केली. "बाई, इंग्लिशात आदी कोण येतंय?"

"वीस. ट्वेंटी फाइव्ह."

"कन्नडात पण वीस."

"होय."

"मग मराठीतच पाच आदी कशाला?"

माझ्या जिभेवर पञ्चविंशति आला होता. तो गिळला. "तुला काय वाटतं?"

ती काड्यांकडे बघत राहिली. दोन जाड गठ्ठे, शेजारी पाच बारीक काड्या. व्हरांड्यात पातेलं ओढल्याचा आवाज आला, झाकण खणखणलं, सांबाराचा वास आत शिरला. तो मुलगा ताटलीतले चिंचोके भराभर जमिनीवर ओतून उठलासुद्धा.

"पाच बारके हायत की बाई," ती म्हणाली. "बारक्यांना आदी वाढतात."

आणि काड्या तशाच टाकून आपली ताटली घेऊन पळाली, रांगेत त्याच्या मागे उभी राहायला.